फ्रीजमध्ये काय ठेवावं, काय ठेवू नये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रीजबद्दलचे बरेच सल्ले थंड देशांतून येतात. तिकडे 'खोलीच्या तापमानाला ठेवा' म्हणतात तेव्हा खोली असते विसेक अंशांची. आपल्याकडे नागपूरचं मे महिन्यातलं स्वयंपाकघर, रत्नागिरीतला जुलै आणि पुण्यातला डिसेंबर यांना एकच नियम लावून चालत नाही. जिथे गाव किंवा ऋतू बदलला की उत्तर बदलतं, तिथे खाली तसं सांगितलं आहे.

फ्रीज किती थंड हवा? आतल्या १ ते ७ आकड्यांचा अर्थ काय?

ते आकडे म्हणजे अंश नव्हेत. बहुतेक फ्रीजमध्ये आकडा जितका मोठा तितका गारवा जास्त. आत ४ ते ५ अंश सेल्सिअस आणि फ्रीजरमध्ये उणे १८ हवेत. खात्री करायची तर साधा थर्मामीटर (तापाचा नव्हे, तो एवढं खालचं तापमान दाखवत नाही) पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा आणि सकाळी बघा. उन्हाळ्यात आकडा वाढवायचा, थंडीत कमी करायचा. पुष्कळ घरांत फ्रीज आणल्या दिवसापासून तो आकडा कुणी हलवलेला नसतो.

सासूबाई म्हणतात, गरम पातेलं फ्रीजमध्ये ठेवलं तर फ्रीज बिघडतो. खरं का?

बिघडत नाही. पण आमटीचं गरम पातेलं तसंच आत ठेवलं की शेजारचं दूध-दही कोमट होतं आणि कॉम्प्रेसर उगाच धावत राहतो. त्यामुळे सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण फक्त वेगळं. याच्या उलटची चूक मात्र जास्त घरांत होते: पातेलं 'गार होऊ दे' म्हणून ओट्यावर ठेवायचं, मग मालिका बघत बसायचं आणि झोपताना आठवण झाली की आत ठेवायचं. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं. पारा ३२ च्या वर असेल तर तासाभरात. म्हणजे आपल्याकडे मार्च ते जूनमध्ये तासाभरातच धरा.

सोपा उपाय म्हणजे उरलेलं अन्न लहान, उथळ डब्यांत काढायचं. वाफ गेली, डब्याला हात लावून धरता आलं, की आत. घाई असेल तर परातीत गार पाणी घेऊन त्यात डबा ठेवून ढवळा. खोल पातेल्यातली आमटी मधोमध कितीतरी वेळ गरमच राहते आणि जिवाणूंना नेमकं तेच हवं असतं.

रात्रीचा भात सकाळी फोडणीला घालायचा असतो. तो ओट्यावर राहिला तर काय बिघडतं? आमची आजी असाच ठेवायची.

भाताला लांब उत्तर द्यावं लागतं, कारण इथे वास आणि चव दोन्ही फसवतात. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट स्थितीत तासन्‌तास राहिला की त्यांतून जिवाणू वाढतात आणि त्यांतले काही असं विष तयार करतात की ते पुढे कितीही गरम केलं तरी नाहीसं होत नाही. म्हणजे सकाळी मोहरी तडतडवून, हळद-मिरचीत खरपूस परतून जिवाणू मेले तरी विष शिल्लक राहतं. भाताला आंबूस वास येईलच असंही नाही. असा भात खाल्ल्यावर काही तासांत उलट्या सुरू झाल्या की बिचाऱ्या शेंगदाण्यांवर आळ जातो.

आजीच्या काळी भात बेताचाच टाकला जायचा. स्वयंपाकघरही बहुधा मातीच्या भिंतींचं, गार असायचं. सिमेंटच्या सातव्या मजल्यावरचं, रात्रीही ३० अंशांच्या खाली न येणारं स्वयंपाकघर वेगळं. फोडणीचा भात जरूर करा, पण भात रात्रीच ताटात पसरून गार करा आणि झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी संपवा. मोकळा, गार भात फोडणीत अधिक चांगला परततो, हा वरचा फायदा. साबुदाणा खिचडी, पोहे, पास्ता अशा सगळ्याच पिठूळ उरल्यासुरल्याला हाच नियम लावावा.

एकदा गरम केलेलं परत फ्रीजमध्ये ढकलू नये. लागेल तेवढंच काढून घ्यावं आणि चांगली वाफ येईपर्यंत गरम करावं.

मळलेली कणीक ठेवावी का? ती काळी पडते. शिवाय व्हॉट्सॲपवर वाचलं की फ्रीजमधली कणीक भुतांना बोलावते.

भुतांचा बंदोबस्त आमच्या आवाक्यात नाही. कणीक काळी पडते ती गव्हातल्या घटकांचा हवेशी संयोग होऊन. गोळ्याला तेलाचा हात लावून, हवा राहणार नाही अशा लहान घट्ट डब्यात ठेवली तर काळेपणा कमी होतो. रात्री मळून सकाळच्या डब्यासाठी वापरायला हरकत नाही. दोन दिवसांची, आंबट वासाची, तार सुटलेली कणीक टाकून द्या.

कांदे-बटाटे आत की बाहेर?

बाहेर, आणि एकमेकांपासून दूर. फ्रीजच्या गारव्यात बटाट्यातल्या पिष्टाची साखर होते. मग काचऱ्या तळताना शिजण्याआधीच तांबूस-काळ्या पडतात आणि चव गुळचट लागते. अंधाऱ्या, हवेशीर जागी टोपलीत ठेवा. उजेडात हिरवट पडलेला भाग कडू आणि अपायकारक असतो, तो जाडसर कापून टाका. बटाटाच बराच हिरवा झाला असेल तर सगळाच टाका. कांद्याला कोरडी हवा लागते, फ्रीजमधल्या दमटपणात तो मऊ पडतो आणि त्याला मोड येतात. अख्खा लसूणही बाहेरच.

सोललेला लसूण, कापलेला कांदा मात्र झाकून आत. 'कापलेला कांदा हवेतले जंतू शोषतो आणि विषारी होतो' हा संदेश दरवर्षी फिरतो. तसं काही होत नाही. कांदा झाकला नाही तर शोषण उलट दिशेनं होतं: त्याचा वास दुधाला लागतो.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. कच्चा लसूण तेलात बुडवून बाटलीत भरून ठेवायची पद्धत हल्ली व्हिडिओंमुळे पसरली आहे. तेलाखाली हवा नसते आणि तिथे बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. असं तेल बाहेर अजिबात ठेवू नये. लागेल तेवढंच करावं, फ्रीजमध्ये ठेवावं आणि तीन-चार दिवसांत संपवावं. लसणाच्या लोणच्याला मीठ आणि आंबटपणा दोन्ही असतात, त्यामुळे त्याची गोष्ट वेगळी.

टोमॅटो?

कच्चट, पिवळसर टोमॅटो बाहेर पिकू द्या. लाल झालेले थंडीत दोन-तीन दिवस टोपलीत मजेत राहतात. गारव्यात टोमॅटोचा वास मरतो हे खरं, पण विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिलमध्ये बाहेर ठेवून तो सडवण्यात शहाणपण नाही. सरळ आत ठेवा. रश्श्यात फरक कळणार नाही. कोशिंबीर करायची असेल तर तासभर आधी बाहेर काढा.

आंब्याची पेटी आली आहे. सगळे आंबे फ्रीजमध्ये ठेवले तर जास्त दिवस टिकतील ना?

पिकलेले टिकतील, कच्चे बिघडतील. आंबा उष्ण प्रदेशातलं फळ. १२-१३ अंशांच्या खाली कच्चा आंबा नीट पिकत नाही, सालीवर डाग पडतात आणि आतला गर बेचव राहतो. आधी पेंढ्यात किंवा कागदात, आढी लावून पिकू द्या. रोज हात फिरवून वासाला आलेले, देठाजवळ किंचित दबणारे वेगळे काढा आणि तेवढेच फ्रीजमध्ये ठेवा. चार-पाच दिवस आरामात मिळतात. आमरस जास्तीचा झाला तर दूध न घालता लहान डब्यांत भरून फ्रीजरला लावा. वरून थोडी जागा मोकळी सोडा, गोठताना रस फुगतो.

केळ्यांचंही तसंच. फ्रीजमध्ये साल काळीठिक्कर पडते. पिकलेलं केळं आतून चांगलं असतं, पण ते बघून घरात कुणी खात नाही. कच्चं केळं आत ठेवलं तर पुढे पिकायचंच विसरतं. कलिंगड, पपई अख्खी असेतो बाहेर आणि कापली की झाकून आत.

कोथिंबीर दोन दिवसांत काळी पडते. काय चुकतं?

ओली ठेवली जाते, हेच चुकतं. जुडी सोडा, पिवळी पानं आणि मुळं काढा, धुऊ नका. बाजारातूनच भिजून आली असेल तर पंख्याखाली फडक्यावर पसरून कोरडी करा. डब्याच्या तळाशी कोरडं फडकं किंवा कागदी रुमाल, त्यावर कोथिंबीर, वर आणखी एक कागद. कागद ओलसर झाला की बदला. अशी आठवडाभर हिरवीगार राहते. मिरच्यांची देठं काढून ठेवल्या तर त्याही टिकतात. पालक-मेथी निवडून, न धुता.

पिकलेले आंबे, सफरचंदं, केळी यांच्यातून इथिलीन वायू निघतो आणि त्याने पालेभाजी लवकर पिवळी पडते. म्हणून फळं आणि पालेभाज्या एकाच कप्प्यात कोंबू नका. मोड आलेली मटकी आत ठेवली तरी मोड सावकाश वाढतच राहतात, तेव्हा दोन-तीन दिवसांत मिसळ किंवा उसळ उरकावी. मोड आलेलं कडधान्य कच्चं खाण्यापेक्षा शिजवून खाल्लेलं बरं.

दूध, दही, साय, तूप: कोणतं कुठे?

पिशवीचं दूध आणल्याबरोबर पिशवी बाहेरून धुऊन आत ठेवा, ती किती हातांतून आणि क्रेटमधून आलेली असते कोण जाणे. न उघडलेलं टेट्रापॅकचं दूध बाहेर चालतं, उघडल्यावर नाही. दरवाजात बाटलीसाठी खास जागा असते म्हणून दूध तिथे जातं, पण दरवाजाच फ्रीजमधली सगळ्यात उबदार जागा. तिथे पाणी, सॉस, सरबतं ठेवा आणि दूध आत मागच्या बाजूला.

विरजण लागेपर्यंत दही बाहेर. लागल्याबरोबर आत, नाहीतर उन्हाळ्यात दुपारपर्यंत ताक करायच्या लायकीचं होतं. लोण्यासाठी साय साठवत असाल तर डबा फ्रीजमध्येच हवा. जास्त दिवस साठवायची तर फ्रीजरमध्ये. तुपात पाणी जवळजवळ नसतं, म्हणून ते बाहेर टिकतं. तूप खराब होतं ते ओला चमचा घातल्यामुळे. फ्रीजमध्ये त्याचा दगड होतो आणि सकाळी पोळीला लावायला कुणी तरी चमचा वाकवतं. खोबरेल तेलही २४ अंशांच्या खाली थिजतं, ते बाटलीसकट बाहेरच असू द्या.

इडलीचं पीठ फुगेपर्यंत बाहेर, फुगलं की आत.

अंडी दुकानात उघड्यावर असतात, मग घरी फ्रीजमध्ये कशाला?

आपल्याकडे सर्रास विकली जाणारी अंडी अमेरिकेतल्यासारखी धुतलेली नसतात. कवचावरचं नैसर्गिक आवरण शाबूत असतं म्हणून ती दुकानात काही दिवस निभावतात. पण आपल्या उन्हाळ्यात घरी फ्रीजच बरा. एकदा आत ठेवली की आत-बाहेर करू नका, कवचावर दव धरतं. ठेवण्याआधी धुऊ नका. दरवाजातल्या खोबणीपेक्षा आतल्या फळीवर, डब्यात.

मासे किती दिवस?

फ्रीजमध्ये एक-दोन दिवस, त्यापुढे फ्रीजर. बाजारातून येताना उन्हात तास-दीड तास गेला तर तोही वेळ मोजायचा. बांगड्याच्या बाबतीत विशेष जपा. बांगडा गरम राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते तळून, शिजवून जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होणं, अंगावर पित्त उठणं, डोकं ठणकणं याला लोक 'बांगडा मला सोसत नाही' म्हणतात. पुष्कळदा दोष त्या दिवशीच्या माशाचा असतो. मीठ-हळद-आगळ लावून ठेवणं चवीसाठी उत्तम, पण ते बर्फाची जागा घेत नाही.

साफ करून, धुऊन, पाणी पूर्ण निथळून घट्ट झाकणाच्या खोलगट डब्यात भरा. खोलगट यासाठी की एका दाराच्या फ्रीजमध्ये सगळ्यात गार जागा म्हणजे फ्रीजरखालचा चिल ट्रे, आणि तिथून पाणी गळलं तर थेट खालच्या दह्यावर. दोन दारांच्या फ्रीजमध्ये कच्चं मांस-मासे नेहमी शिजवलेल्या अन्नाच्या खाली. फ्रीजरमधून काढलेला मासा किंवा चिकन ओट्यावर विरघळवू नका. आदल्या रात्रीच खालच्या फळीवर आणून ठेवा.

सोडे, सुकट, बोंबील पावसाळ्यात दमट होऊन बुरसटतात. कोकणात बरेच जण ते उन्हात कडक करून, दोन पिशव्यांत बांधून, वर डबा लावून फ्रीजरला टाकतात. सोड्यांचा भाव पाहता रास्तच आहे. डबा मात्र खरोखर घट्ट हवा, नाहीतर आठवडाभर आइस्क्रीमला जवळ्याचा स्वाद.

ओला नारळ फोडला की दोन दिवसांत बुळबुळीत होतो.

वाटी तशी ठेवूच नका. सगळा नारळ खवून डब्यात सैलसर भरून फ्रीजरमध्ये ठेवा. पोह्यांवर, आमटीत, उकडीच्या सारणात सरळ घेता येतो. दाबून भरला तर वीट होते, मग सुरीने खोदत बसावं लागतं. सोलकढी त्याच दिवशी प्यावी.

पिठं, कडधान्यं आणि मसाले?

जागा असेल तर बाजरीच्या पिठाला पहिला मान. बाजरीत तेलाचा अंश असतो आणि दळल्यावर तो लवकर खवट होतो, म्हणून पीठ आठ-दहा दिवसांत कडू लागतं. गिरणीतून थोडं थोडं आणणं सगळ्यात चांगलं, नाहीतर घट्ट डब्यात फ्रीजमध्ये. शेंगदाण्याचं कूट, सुकं खोबरं, तीळ, अक्रोड यांनाही गारवा मानवतो. भाजणी, गव्हाचं पीठ महिनाभरात संपत असेल तर बाहेरच.

रवा, कडधान्य किलो-दोन किलोच आणत असाल तर आल्यावर चार दिवस ते आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. किडे आणि त्यांची अंडी मरतात. मग बाहेर काढून कोरड्या डब्यात भरा. वर्षाच्या साठवणीला अर्थात आपली ऊन, कडुलिंबाचा पाला, तुरीला एरंडेल ही रीत.

वर्षभराचं लाल तिखट, मालवणी किंवा गोडा मसाला फ्रीजमध्ये ठेवला तर रंग आणि वास टिकतो. पण मोठी बरणी रोज काढायची नाही. आठवड्यापुरता मसाला मिसळणाच्या डब्यात काढून घ्या. गार बरणी बाहेर आणल्या आणल्या उघडली की आत दव धरतं आणि पुढे गुठळ्या, बुरशी. आधी ती बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग झाकण काढा. चहा-कॉफी फ्रीजमध्ये नको, दोन्ही वास ओढून घेतात.

लोणचं, मध, मुरंबा, सॉस?

मीठ-तेल पुरेसं असलेलं कैरीचं लोणचं बाहेर. रक्तदाबामुळे मीठ कमी करून घातलेलं लोणचं मात्र फ्रीजमध्ये. हा फरक लोक विसरतात आणि मग 'यंदा कैरीच वाईट होती' म्हणतात. पाक पक्का असलेला मुरंबा, साखरांबा बाहेर. कोकमाचं आगळ खारट-आंबट असतं, बाहेर टिकतं. मध फ्रीजमध्ये लवकर साकळतो. साकळला तरी खराब झालेला नसतो, कोमट पाण्यात बाटली ठेवा. बाजारचा सॉस, मेयोनीज, जॅम यांच्या बाटलीवर 'उघडल्यावर थंड जागी ठेवा' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ आपल्या हवेत फ्रीज. टिनमधले रसगुल्ले उरले तर काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून मगच आत.

पाव?

आज-उद्या खायचा तर बाहेर. फ्रीजमध्ये पाव लवकर चिवट आणि कोरडा होतो. मुंबईच्या पावसाळ्यात बाहेर बुरशी धरते, तिथे फ्रीजर वापरा आणि लागतील तेवढे पाव थेट तव्यावर टाका. उकडीचे मोदक फ्रीजमध्ये कडक होतात तेही पिठातल्या त्याच बदलामुळे. परत वाफवले की मऊ.

फराळ आणि मिठाई?

चकली, शेव, चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे लाडू बाहेर, कोरड्या डब्यात. ओल्या नारळाच्या करंज्या, रवा-नारळाचे लाडू, पेढे, बर्फी, श्रीखंड, खरवस आत. सुट्या मिठाईच्या ट्रेवर 'कधीपर्यंत खावी' ही तारीख लावणं ऑक्टोबर २०२० मध्ये दुकानदारांना बंधनकारक करण्यात आलं होतं. पेढे घेताना ती लावलेली असेल तर वाचा, वर ठेवलेल्या चांदीच्या वर्खाकडे नंतर बघा.

औषधं?

सगळी औषधं फ्रीजमध्ये ठेवू नयेत. गोळ्यांना दमटपणा बाधतो, खोकल्याच्या बहुतेक औषधांना गरज नसते. पाणी घालून तयार केलेली लहान मुलांची काही अँटिबायोटिक औषधं आत ठेवावी लागतात, काही नाही. बाटलीवरचं वाचा किंवा औषधवाल्याला विचारा.

इन्सुलिन न उघडलेलं असेल तर २ ते ८ अंशांत. ते गोठता कामा नये; गोठून परत पातळ झालेलं इन्सुलिन दिसायला नीट असलं तरी वापरू नये. म्हणून चिल ट्रेमध्ये किंवा मागच्या भिंतीला टेकवून नको, मधल्या फळीवर झाकणाच्या डब्यात ठेवा. चालू असलेलं पेन बहुतेक वेळा चार आठवडे बाहेर चालतं, पण ते २५-३० अंशांच्या आत. जळगाव-अकोल्याच्या मे महिन्यात 'बाहेर' म्हणजे ४४. तेव्हा नेमकं काय करायचं ते आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

गजरा, लिपस्टिक, बॅटरी?

गजरा ओलसर फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून डब्यात. मोगरा दुसऱ्या दिवशीही घालता येतो, आणि डबा उघडा राहिला तर बटाट्याच्या भाजीलाही घालता येतो. दुर्वा, विड्याची पानं तशीच. लिपस्टिक उन्हाळ्यात वितळत असेल तर ठेवा. बागेसाठी राखलेलं बी घट्ट बाटलीत ठेवलं तर जास्त काळ उगवतं. बॅटरी नको, दवानं गंजते.

वीज गेली तर किती वेळ?

दार उघडलं नाही तर फ्रीजमधलं चारेक तास निभावतं. भरगच्च, स्वतंत्र दाराचा फ्रीजर दोन दिवसांपर्यंत गोठलेला राहू शकतो, पण एका दाराच्या फ्रीजमधल्या छोट्या बर्फाच्या कप्प्यावर तेवढी भिस्त ठेवू नका. वीज आल्यावर मासे-मटणावर अजून बर्फाचे कण दिसत असतील तर परत गोठवायला हरकत नाही. मऊ पण गार असेल तर त्याच दिवशी शिजवा. कोमट झालेलं दूध, शिजवलेला भात, मासे टाकून द्या. लोणी, कडक चीज, भाज्या, लोणची यांना काही होत नाही.